छोटी गाडी, मोठे अंदाज

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी, सौर चूल आणि ठिबक सिंचन यांच्या रांगेत एखादी आगगाडी हटकून असते. आम्हीही एकदा ती केली होती. पावडरच्या डब्याचे बॉयलर, सायकलीच्या स्पोकांचे आरे, पुठ्ठ्याच्या नळीचे पांढरे धुराडे आणि सगळ्यावर पिवळ्याधमक ऑइल पेंटचे दोन हात. स्टीफन्सन पितापुत्रांचे १८२९ सालचे 'रॉकेट' इंजिन होते ते. सिलिंडर आम्ही पुस्तकातल्या चित्राप्रमाणे चांगले तिरपे बसवले होते. नववीतल्या एका मुलीने ते निरखून पाहिले आणि म्हणाली, "सर, सिलिंडर चुकलेत. खरे तर आडवे आहेत." तिने घरच्या ज्ञानकोशात लंडनच्या विज्ञान संग्रहालयातल्या खऱ्या 'रॉकेट'चे छायाचित्र पाहिले होते. आम्ही तिला चित्र पुन्हा नीट बघायला सांगितले, आणि वर चार मुलांदेखत हसलोही.

चित्र तिने नीटच पाहिले होते. मूळ इंजिनाचे सिलिंडर तिरपे होते हे खरे. पण तिरप्या धक्क्यांनी इंजिन स्प्रिंगांवर डुलू लागे, म्हणून ते थोड्याच काळात खाली आणून जवळजवळ आडवे बसवण्यात आले. संग्रहालयात उरले आहे ते हे बदललेले इंजिन. म्हणजे आमची प्रतिकृतीही बरोबर होती आणि मुलगीही. चूक होती ती आमच्या खात्रीची. आम्ही एका विशिष्ट महिन्यातल्या इंजिनाची प्रतिकृती केली होती, आणि ती कोणत्या महिन्याची हे आम्हांलाच माहीत नव्हते.

ही गोष्ट येथे सांगायचे कारण असे की, इंग्लंडमध्ये आगगाड्यांच्या प्रतिकृती करणे हा हजारो प्रौढ माणसांचा गंभीर छंद आहे, आणि त्यात व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या, म्हणजे साधारण १८३७ ते १८६० या काळातल्या गाड्या करणाऱ्यांचा एक छोटा पण चिवट वर्ग आहे. त्यांची कामे छापील चित्रांतून, संग्रहालयांतून आणि बाजारातल्या तयार संचांतून आपल्यापर्यंत पोचतात. शिक्षक ती वर्गात दाखवतात. तेव्हा ही कामे शिकवतात काय आणि लपवतात काय, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

आधी कौतुकाचे बोलू, कारण ते मनापासूनचे आहे. इंग्लंडमध्ये सर्वाधिक चालणारे प्रमाण म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे ७६ पट लहान. या प्रमाणात 'रॉकेट'चे सहा फूट लांबीचे बॉयलर अवघे २४ मिलिमीटर भरते आणि त्याचा व्यास १३ मिलिमीटरच्या आसपास. आठ इंच व्यासाचा सिलिंडर अडीच-पावणेतीन मिलिमीटरचा होतो. नंतरच्या काळातले धिप्पाड इंजिन असेल तर त्याच्या पोटात विजेची मोटर सहज दडते. पण या आरंभीच्या इंजिनांचा बांधाच हाडकुळा. बॉयलरच्या खालून पलीकडचे दिसते, चाकांच्या आऱ्यांतून उजेड आरपार येतो. मोटर ठेवायची कोठे? काही जण ती टेंडरमध्ये, कोळशाच्या ढिगाखाली ठेवतात आणि एका बारीक दांड्याने फिरण्याची गती इंजिनाच्या आसाकडे नेतात. पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे पातळ पत्रे आम्लाने कोरून चौकट करायची, ती डाखाने जोडायची. डब्यांच्या भिंती प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापायच्या. अलीकडे त्रिमितीय छपाईने चाकाचे आरेसुद्धा काढायचे. बॉयलरखालचा तो उजेड ज्याने राखला त्याला आम्ही कारागीर मानतो. ज्याने तेथे काळा ठोकळा भरला त्याने खेळणे केले.

पण वजनाशी गाठ पडली की कारागिराचाही नाइलाज होतो. लांबी ७६ पट घटली की क्षेत्रफळ ७६ गुणिले ७६, म्हणजे सुमारे ५,८०० पट घटते, आणि घनफळ व वजन सुमारे ४,४०,००० पट. सव्वाचार टनांचे 'रॉकेट' या हिशेबाने दहा ग्रॅमचे व्हायला हवे! दहा ग्रॅमचे इंजिन रुळांवर नीट टेकत नाही, विजेचा संपर्क तुटतो, चाके जागच्या जागी फिरतात. म्हणून कानाकोपऱ्यात शिसे भरावे लागते. तरीही ते हलतेच, आणि कसे हलते ते पाहण्यासारखे आहे. गुरुत्वाकर्षण काही ७६ पट कमी करता येत नाही. लोंबत्या साखळीचा झोका तिच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. म्हणून छोट्या गाडीची साखळी खऱ्या साखळीपेक्षा जवळजवळ पावणेनऊ पट भरभर झुलते. खेळण्यातली गाडी कितीही हुबेहूब असली तरी चालू लागताच खेळण्यातली का वाटते, याचे एक उत्तर येथे आहे. दुसरे उत्तर चालवणाऱ्याच्या हातात असते. 'रॉकेट'ने चाचणीत गाठलेला कमाल वेग तासाला २९ मैलांच्या आसपास होता. तो ७६ने भागला तर सेकंदाला १७ सेंटिमीटर येतात. प्रदर्शनात मात्र गाडी टेबलावरून उंदरासारखी पळत असते. वर्गात घड्याळ आणि मोजपट्टी घेऊन हा वेग मुलांकडून मोजून घ्यावा. हिशेब सोपा आहे आणि उत्तर मजेचे येते.

खऱ्या वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती करणाऱ्यांना तर या घन-वर्गाच्या नियमाशी रोजच झगडावे लागते. मूळ 'रॉकेट'ची थोरवी त्याच्या बॉयलरमधल्या तीन इंची २५ तांब्याच्या नळ्यांत होती. भट्टीतले तप्त वायू एका मोठ्या नळीऐवजी २५ नळ्यांतून गेले, पाण्याला उष्णता देणारा पृष्ठभाग वाढला, वाफ भराभर झाली. साडेतीन इंच गेजच्या प्रतिकृतीत, म्हणजे सुमारे सोळाव्या हिश्श्यात, या नळ्या पाच मिलिमीटरच्याही आत येतात. अशा अरुंद नळ्यांतून वायू नेट धरत नाहीत आणि काजळीने त्या लवकर तुंबतात. 'मॉडेल इंजिनिअर' या नियतकालिकात 'एल.बी.एस.सी.' या सहीने लिहिणाऱ्या कारागिराने १९२४ साली या प्रश्नावर मोठा वाद घातला. छोटे इंजिन स्पिरिटच्या दिव्यावर कसेबसे चालवण्यापेक्षा खऱ्या कोळशावर आणि खऱ्या अग्निनळ्यांवर चालवा, पण नळ्यांची संख्या व व्यास प्रमाणाने न काढता वायूंना मानवेल तसा ठेवा, असे त्या लेखनाचे सार. 'आयेशा' नावाच्या अडीच इंच गेजच्या इंजिनाने मोठ्या माणसाला ओढून ते सिद्धही केले. मूळ यंत्राचे तत्त्व राखायचे तर त्याची मापे मोडावी लागतात, हा धडा आम्हांला कोणत्याही हुबेहूब रंगकामापेक्षा मोलाचा वाटतो.

विजेवरच्या प्रतिकृतीत याच्या उलट घडते. मापे राखली जातात आणि तत्त्व गळून पडते. सिलिंडरमधून बाहेर पडलेली वाफ 'रॉकेट'मध्ये धुराड्यात वर सोडलेली होती. ती वर धावताना आपल्याबरोबर धूर ओढून नेते, भट्टीत ताजी हवा खेचली जाते आणि विस्तव फुलतो. इंजिन जितके जोरात काम करील तितका विस्तव अधिक पेटेल, अशी ही आपोआप चालणारी सोय. टेबलावरच्या गाडीत ती दिसणार नाही; पण ती दाखवायला गाडी लागतच नाही. कागदाची वीतभर नळी उभी धरावी, तिच्या खालच्या तोंडात पेयाची बारीक नळी वर वळवून जोराने फुंकावे आणि त्याच तोंडापाशी पेटती उदबत्ती आणावी. धूर नळीत ओढला जाताना दिसतो. पाच मिनिटांचा हा प्रयोग, आमच्या मते, हजारो रुपयांच्या संचापेक्षा 'रॉकेट'च्या अधिक जवळ जातो.

आता खरी तक्रार. ती इतिहासाची आहे.

'हॉर्न्बी' या इंग्रज कंपनीने २०२० साली 'रॉकेट'चा तयार संच पुन्हा बाजारात आणला. पिवळे इंजिन, पांढरे धुराडे आणि मागे लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेचे पहिल्या वर्गाचे डबे, जणू तीन घोडागाड्यांची शरीरे एका चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेली. दिसायला हे फार सुरेख आहे. पण पिवळे-पांढरे रूप आहे ते ऑक्टोबर १८२९ मधल्या रेनहिलच्या चाचणीचे, आणि त्या चाचणीत इंजिनामागे दगड भरलेल्या वाघिणी होत्या. उतारूंची नियमित वाहतूक सुरू झाली ती सप्टेंबर १८३० मध्ये, आणि तोवर 'रॉकेट'मध्ये फेरफार सुरू झाले होते. म्हणजे हे इंजिन आणि हे डबे या रूपात एकमेकांना क्वचितच भेटले असतील. शिवाय अशा गाडीला सरसकट 'व्हिक्टोरिया काळातली' म्हणण्याची रीत आहे. राणी गादीवर आली जून १८३७ मध्ये. 'रॉकेट' त्याच्या आदल्याच वर्षी विकले जाऊन उत्तरेकडच्या एका खाजगी कोळसा-मार्गावर गेले होते. यंत्रविद्या त्या आठ वर्षांत इतकी पुढे गेली होती! खऱ्या अर्थाने राणीच्या आरंभीच्या काळातली इंजिने म्हणजे सहाचाकी 'पेटंटी'ची वंशावळ, एडवर्ड बरीची घुमटाकार भट्टीची इंजिने, आणि डॅनियल गूचने ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी आखलेली सात फुटी चाकांची 'फायरफ्लाय' जातीची ६२ इंजिने. गूचने वेगवेगळ्या कारखान्यांना छापील आराखडे आणि लोखंडी मापपट्ट्या पाठवून १८४० ते १८४२ या काळात एकाच जातीची इतकी इंजिने करवून घेतली. कारखानदारीच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे. दुकानाच्या काचेत मात्र 'रॉकेट'च बसते.

'लायन'चे उदाहरण याहून बोलके आहे. लीड्सच्या टॉड, किटसन अँड लेअर्ड यांनी १८३८ साली केलेले हे इंजिन. १८५९ पासून ते लिव्हरपूलच्या गोदीत एके जागी उभे राहून पाणी उपसण्याचे काम करीत होते, आणि १९२८ पर्यंत करीत राहिले. म्हणूनच ते भंगारात गेले नाही. १९३० साली लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या शताब्दीसाठी त्याला पुन्हा इंजिनाचे रूप देण्यात आले. टेंडर तर त्याच वेळी नव्याने जोडण्यात आले. पुढे १९५३ साली 'द टिटफील्ड थंडरबोल्ट' या चित्रपटात ते झळकले आणि प्रतिकृतिकारांचे लाडके झाले. आज जो कोणी 'लायन' तंतोतंत करतो, तो १८३८ मधल्या लोहारकामाबरोबर १९३० मधल्या कारागिरांचा तर्कही तितक्याच निष्ठेने उतरवून घेतो. प्रतिकृतीत दोन्हींवर सारखाच हिरवा रंग असतो.

रंगाचे म्हणाल तर तो सर्वांत निसरडा भाग. छायाचित्रणाची कला जाहीर झाली १८३९ साली, आणि धावती गाडी टिपण्याइतका तिचा वेग बऱ्याच काळाने वाढला. ओल्या काचेवरची जी छायाचित्रे १८५१ नंतर काढली गेली, त्यांच्या लेपाला मुख्यतः निळा प्रकाश कळत असे. पिवळा आणि लाल त्याला जवळजवळ दिसतच नसत. परिणाम असा की, छायाचित्रात उजळ पिवळा डबा काळसर येतो आणि निळा डबा फिका. १८७३ साली हेर्मान फोगेलने लेपात रंगद्रव्ये मिसळून ही उणीव कमी करण्याचा मार्ग दाखवला. त्याआधीच्या छायाचित्रावरून कोणी ठामपणे 'गडद तपकिरी' म्हणत असेल, तर त्याला आधी ही गोष्ट माहीत आहे का ते विचारावे. हाताने रंगवलेली शिळाछापाची चित्रे आहेत. पण तेथे रंग इंजिनवाल्याचा की रंगाऱ्याचा, हा प्रश्न उरतोच.

आणि एक गोष्ट अशी की जी अंदाजाची नाही, तरी सहसा गाळली जाते. पिवळे डबे होते पहिल्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गाचे उतारू तेव्हा बिनछपराच्या, कमी उंचीच्या कठड्यांच्या वाघिणीतून जात. २४ डिसेंबर १८४१ रोजी पहाटे रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोदलेल्या घळीत मातीचा कडा रुळांवर घसरला आणि ग्रेट वेस्टर्नची गाडी त्यात घुसली. तिसऱ्या वर्गाच्या वाघिणी इंजिन-टेंडरच्या लगेच मागे होत्या आणि त्यांच्या पाठीवर मालाच्या जड वाघिणी. कठड्यावरून माणसे फेकली गेली, चिरडली गेली; नऊ जण मेले. ते नाताळासाठी घरी निघालेले मजूर होते. १८४४ साली कायदा झाला की प्रत्येक मार्गावर दिवसातून एक तरी गाडी अशी असावी, जिच्यात तिसऱ्या वर्गालाही छप्पर आणि बाक मिळतील, भाडे मैलाला एक पेनीहून जास्त नसेल आणि वेग तासाला बारा मैलांहून कमी नसेल. उघडी वाघीण करायला सर्वांत सोपी. चार फळ्या आणि चार चाके. पण तिच्यात पावसात भिजणारी माणसे बसवलेली प्रतिकृती आम्ही पाहिलेल्या संग्रहांत एखादीच निघाली. पिवळ्या डब्यातल्या उंच टोपीवाल्यांना मात्र हातात छडीसुद्धा देतात.

मग काय करावे? मातीचे फुटके रांजण जोडताना पुरातत्त्वज्ञ हरवलेले तुकडे प्लॅस्टरने भरतात आणि त्यांना मुद्दाम थोडा वेगळा रंग देतात. पाहणाऱ्याला मूळ कोणते आणि भर कोणती हे एका नजरेत कळते. आगगाडीच्या प्रतिकृतिकारांनी हे का करू नये? जे मोजून, वाचून कळले तेवढे रंगवावे. जो अंदाज आहे तो करडाच ठेवावा. मायकेल बेली आणि जॉन ग्लिथेरो यांनी १९९९ साली 'रॉकेट'चे सुटे भाग उलगडून, त्यावरची भोके, ठिगळे आणि झीज मोजून त्याचा फेरफारांचा इतिहास लावला. त्यांच्या कामामुळे निदान एका इंजिनाबाबत करड्या रंगाचा भाग बराच कमी झाला आहे. अशी गाडी प्रदर्शनात देखणी दिसणार नाही, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. बक्षीसही मिळणार नाही.

आपल्याकडे कोणाला असे काम करून पाहायचे असेल तर विषय शोधायला इंग्लंडला जायला नको. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेलेली चौदा डब्यांची गाडी याच काळातली. राणीच्या कारकिर्दीचे तेव्हा सोळावे वर्ष होते. आणि १८५५ सालचे 'फेअरी क्वीन' हे इंजिन तर हरियाणात रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये जपलेले आहे. त्याचा कारखाना लीड्सचा किटसन यांचाच, म्हणजे 'लायन' करणाऱ्या भागीदारांपैकी एकाचा. १९९७ साली ते पुन्हा धावू लागले. २०११ मध्ये त्याचे बरेच भाग चोरीला गेल्याचे उघड झाले आणि पुढे नवे बसवावे लागले. तेव्हा प्रतिकृती १८५५ची करायची की आजची, हे येथेही आधी ठरवावे लागेल.

मापाच्या बाबतीत मात्र आपण इंग्रजांहून सुदैवी आहोत. त्यांचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे. फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर व्हायला हवेत; पण दुकानात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. परिणामी त्यांच्या बहुतेक गाड्या अरुंद पायांवर उभ्या असल्यासारख्या दिसतात, आणि या आरंभीच्या बारीक चणीच्या इंजिनांत ते फारच खुपते. काही हट्टी मंडळी म्हणून रूळसुद्धा हाताने घालतात. आपले मोठे रूळ साडेपाच फुटांचे. फुटाला तीन मिलिमीटर धरा: साडेपाच त्रिक साडेसोळा. तोच दुकानातला रूळ आपल्या गाडीला केसभरही फरक न राहता बसतो.

आमचे पावडरच्या डब्याचे 'रॉकेट' अजून शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आहे. सिलिंडर आम्ही उपटून काढले आणि एका स्क्रूवर बसवले आहेत. ते आता वरखाली फिरतात. वरच्या जागी 'रेनहिल, ऑक्टोबर १८२९' अशी चिठ्ठी आहे, खालच्या जागी 'संग्रहालयात आहे तसे'. पिवळा रंग बराच खरवडून झाला आहे. चाकांच्या रंगाबद्दल अजून ठरलेले नाही.